लुंबिनीला जायचे आहे? आधी तिकीट वाचू या!

भगवान बुद्धांनी महापरिनिर्वाणापूर्वी, श्रद्धावान माणसाने जाऊन पाहावीत अशी चार स्थळे आनंदाला सांगितली, असे महापरिनिब्बान सुत्तात आले आहे. जन्माचे लुंबिनी, संबोधीचे बोधगया, पहिल्या धम्मोपदेशाचे सारनाथ आणि महापरिनिर्वाणाचे कुशीनगर. यांपैकी तीन स्थळे आज भारतात आहेत. चौथे, म्हणजे खरे तर पहिले, लुंबिनी हे नेपाळात आहे. म्हणजे चारही स्थळांचे दर्शन घ्यावयाचे तर आपल्या मोहाडी तालुक्यातल्या उपासक-उपासिकेला आयुष्यात एकदा तरी देशाची सीमा ओलांडणे आले.

पूर्वी ही गोष्ट आपल्या समाजात फार थोड्यांच्या आवाक्यात होती. आता तसे राहिले नाही. मुले नोकरीला लागली, पेन्शन सुरू झाली, धानाचा चुकारा खात्यात जमा होऊ लागला. वर्षावास संपला की विहारात चर्चा सुरू होते, "यंदा लुंबिनीला जाऊ या. कोणी नेणारा आहे का?" या प्रश्नातच आमच्या मते खरी गोम आहे. आपण "नेणारा कोण?" असे विचारतो. "तिकीट कशाचे, पावती कशाची, त्यात काय धरले आहे आणि काय नाही?" हे विचारत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू हे प्रश्न विचारण्याची सवय लागावी एवढाच आहे.

आमचाच एक अनुभव

हे सांगण्याचा अधिकार आम्हाला आमच्या चुकीने दिला आहे, हे प्रथमच कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील अडतीस जणांनी एका यात्रा संयोजकाकडे माणशी साडेसात हजार रुपये भरले. प्रसिद्धिपत्रकावर मोठ्या अक्षरांत "बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी" असे छापले होते. पैसे रोख दिले. बस निघाली. तीन स्थळे झाली. सातव्या दिवशी सायंकाळी बस सोनौलीच्या सीमेवर येऊन थांबली आणि तिथेच थांबून राहिली. बसचा नेपाळात जाण्याचा परवाना काढलेलाच नव्हता. संयोजकाच्या माणसाने प्रत्येकी बाराशे रुपये आणखी मागितले. वादावादी झाली. काहींच्या जवळ पैसे होते, बहुतेकांच्या जवळ नव्हते. अंधार पडला, बस वळली आणि आम्ही लुंबिनीपासून तासाभराच्या अंतरावरून परत फिरलो.

परत आल्यावर ते पत्रक काढून वाचले. खाली बारीक अक्षरांत ओळ होती, "परवाना व सीमेपलीकडील खर्च यात्रेकरूंकडे." पावती पाहिली. तीवर "यात्रा शुल्क" असे कुठेच नव्हते. "देणगी" असे लिहिले होते. देणगी परत मागता येत नाही. आम्ही बँकेत कारकून. दिवसभर लोकांच्या स्लिपा तपासतो, अक्षरी व अंकी रक्कम जुळत नसली तर काउंटरवरून परत करतो. आणि स्वतःची पावती मात्र आम्ही घडी करून खिशात ठेवली होती!

आमच्या सोबत एक आजी होत्या. रोवणी-निंदणीची मजुरी आणि उन्हाळ्यातल्या तेंदूपत्त्याचे पैसे साठवून त्यांनी तीन वर्षांत ही रक्कम जमवली होती. परतीच्या बसमध्ये त्या एवढेच म्हणाल्या, "पैशे गेले त्याचं काई नाई भाऊ, पन दाराशी जाऊन वापस आलो ना!" हा लेख त्या वाक्यातून आला आहे.

तिकीट, प्रवेश आणि सहल : तीन वेगळ्या गोष्टी

परदेशातील कोणतेही प्रसिद्ध ऐतिहासिक स्थळ पाहण्यासाठी आपण जे पैसे देतो त्यात तीन गोष्टी असतात. पहिली, तेथे पोहोचण्याचा प्रवास. दुसरी, त्या स्थळात शिरण्याचे प्रवेश तिकीट. तिसरी, ज्याला आपण 'टूर' म्हणतो ती, म्हणजे मुक्काम, जेवण, वाहन व माहिती सांगणारा मार्गदर्शक. या तीन गोष्टी वेगवेगळ्या माणसांकडून विकत घेता येतात किंवा एकाच कंपनीकडून एकत्र घेता येतात. एकत्र घेतल्या की त्याला 'पॅकेज' म्हणतात. पॅकेज वाईट नसते. वयस्कर माणसांना ते सोयीचेच असते. परंतु तिन्ही गोष्टींची किंमत एका आकड्यात मिसळली की कोणती गोष्ट किती रुपयांची आहे आणि कोणती वगळली आहे, हे दिसेनासे होते. म्हणून पॅकेजचा आकडा ऐकला की मनातल्या मनात त्याचे तीन भाग करावेत.

लुंबिनीचेच उदाहरण घेऊ. मायादेवी मंदिराच्या आवारात जाण्यासाठी तिकीट लागते. ते तेथील खिडकीवर मिळते. नेपाळी नागरिक, भारतासह सार्क देशांचे नागरिक आणि इतर परदेशी यांना वेगवेगळे दर आहेत, आणि भारतीयाला लागणारी रक्कम एका जेवणाच्या खर्चापेक्षाही कमी असते. ते महिनाभर आधी राखून ठेवण्याची काहीच गरज नाही. तेव्हा "लुंबिनी प्रवेशाचे ॲडव्हान्स बुकिंग" म्हणून कोणी माणशी शेकडो रुपये मागू लागला, तर त्याला तिकिटाचा दर लेखी विचारावा.

तेथे काय पाहायचे?

सहलीच्या कार्यक्रमात लुंबिनीला किती तास दिले आहेत, हे पाहणे महत्त्वाचे आहे. अनेक बसेस तेथे तासभर थांबतात, लोक धावतपळत मंदिर पाहतात आणि निघतात. लुंबिनी एका तासात पाहण्यासारखी नाही. १९९७ साली ती जागतिक वारसा यादीत आली. १९६७ साली संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट येथे आले होते. ते स्वतः ब्रह्मदेशाचे बौद्ध. त्यांच्या प्रेरणेने या स्थळाच्या विकासाचा विचार सुरू झाला आणि केंझो तांगे या जपानी वास्तुतज्ज्ञांनी केलेला आराखडा १९७८ साली पूर्ण झाला. मध्ये लांब कालवा, त्याच्या एका बाजूस थेरवादी देशांचे विहार, दुसऱ्या बाजूस महायान व वज्रयान परंपरेचे विहार. एवढे चालायलाच अर्धा दिवस लागतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी रिक्षा करावी.

मायादेवी मंदिराच्या आत जन्मस्थान दर्शविणारी शिळा आहे. तेथे पादत्राणे काढून जावे लागते व आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. बाहेर पुष्करिणी आहे आणि सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. हा स्तंभ १८९६ साली पुन्हा जगासमोर आला. त्यावरील ब्राह्मी लेखात सांगितले आहे की, राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला, शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने पूजा केली, शिळास्तंभ उभारला आणि लुंबिनी गावाला बलि नावाचा कर माफ करून उत्पन्नाचा राजभाग आठव्या हिश्श्यावर आणला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ही एक यात्रेकरूची नोंदच आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी तेथून पश्चिमेला साधारण पंचवीस-तीस किलोमीटरवरील तिलौराकोटही पाहावे. नेपाळातील अभ्यासक तेच शाक्यांचे कपिलवस्तू मानतात. भारतातील पिपरहवा या स्थळाचाही तसा दावा आहे. विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू वाचून जावे म्हणजे पाहताना डोळे उघडे राहतात.

स्वतः तिकीट काढून जायचे असेल तर

दहा-पंधरा जणांचा गट असेल आणि त्यात दोन-तीन शिकलेली मुले असतील तर पॅकेजशिवायही लुंबिनीला जाता येते. दुसऱ्या खेपेस आम्ही चौदा जण तसेच गेलो. पद्धत अशी.

आपल्याकडून तुमसर रोड किंवा भंडारा रोड स्थानकावरून नागपूर गाठावे. नागपूरहून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या आहेत. प्रवास साधारण एक अहोरात्रीचा. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडत असे; १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली. म्हणून जुन्या हिशेबाने चार महिने आधी कोणी "कन्फर्म तिकीट हाती आहे" असे सांगू लागला तर सावध व्हावे. एका तिकिटावर सहा प्रवासी बसतात, म्हणजे चौदा जणांना तीन तिकिटे लागतात. साठ वर्षांवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, परंतु त्यातून काढावयाच्या तिकिटावर दोनच प्रवासी घेता येतात. हे माहीत नसल्यामुळे आपल्या किती आया-मावश्या वरच्या बर्थवर चढण्याऐवजी रात्रभर खाली बसून प्रवास करतात! वयस्करांच्या भाड्यातील सवलत २०२० साली बंद झाली, ती धरून हिशेब करू नये.

गोरखपूरहून सोनौली सुमारे ९५ किलोमीटर. बसेस मिळतात. कुशीनगर गोरखपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, म्हणून गोरखपूरला मुक्काम ठेवून दोन्ही दिशांना जाता येते. सोनौलीला सीमा पायी ओलांडली की पलीकडे बेलहिया. तेथून भैरहवा आणि भैरहव्याहून लुंबिनी साधारण पंचवीस किलोमीटर. नेपाळी बस किंवा जीप करावी. आपली भारतीय बस पलीकडे न्यायची असेल तरच 'भन्सार', म्हणजे तेथील जकात, आणि वाहनाचा परवाना हे प्रकरण येते. आमची पहिली यात्रा ज्या कागदावर अडली तो कागद पायी जाणाऱ्याला लागतच नाही. हे आम्हाला त्या सायंकाळी कोणी सांगितले असते, तर आजीसुद्धा लुंबिनी पाहून आल्या असत्या.

कागदपत्रे. नेपाळला जाण्यासाठी भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. परंतु ओळख पटविणारे मान्य कागदपत्र जवळ हवे. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, या दोहोंपैकी एक मूळ प्रत घेऊन निघावे. विमानाने जाणार असाल तर याविषयी फार काटेकोर तपासणी होते. आपण सर्व ठिकाणी आधार कार्ड दाखवतो, पण १५ ते ६५ या वयोगटासाठी आधार हे नेपाळ प्रवासाचे मान्य कागदपत्र नाही, असे गृह मंत्रालयाने २०१९ साली स्पष्ट केले होते. १५ ते १८ वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र घ्यावे.

पैसे. हा आमच्या कामाचा विषय, म्हणून थोडे विस्ताराने. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६० रुपये, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. तो रोज बदलत नाही. सीमेवर कोणी "आजचा भाव कमी आहे" म्हणून १४० देऊ लागला तर ती लूट समजावी. नेपाळात भारताच्या १०० रुपयांपर्यंतच्या नोटा चालत आल्या आहेत. त्यावरील नोटांचे नियम २०१६ च्या नोटबंदीनंतर अनेकदा बदलले. म्हणून निघण्यापूर्वी बँकेतून शंभराच्या नोटा घेऊन ठेवणे सर्वांत निर्धोक. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नेपाळ व भूतानच्या प्रवासासाठी बँका परकीय चलन देतच नाहीत, कारण तसा नियमच आहे. तेव्हा लुंबिनीच्या यात्रेसाठी "डॉलर काढून देतो, त्याचे वेगळे पैसे द्या" असे सांगणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा लबाड.

दिवस कोणते? वैशाख पौर्णिमेला गर्दी आणि ऊन दोन्ही असते. डिसेंबर-जानेवारीत त्या भागात दाट धुके पडते व गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. आपल्याकडे धानाची कापणी-मळणी आटोपून चुकारा हाती येतो तोवर फेब्रुवारी लागतो. आमच्या अनुभवाने तोच महिना सोयीचा.

कंपनीबरोबर जायचे असेल तर

सर्वांनाच असा प्रवास झेपत नाही. अशांनी सहल कंपनीबरोबर अवश्य जावे. रेल्वेच्या आयआरसीटीसी या कंपनीने बौद्ध स्थळांसाठी 'महापरिनिर्वाण एक्सप्रेस' ही पर्यटक गाडी २००७ साली सुरू केली. ती दिल्लीहून निघते आणि तिच्या कार्यक्रमात लुंबिनीचा समावेश असतो. हंगाम, तारखा व दर आधी पाहावेत. राज्य शासनाने २०२४ साली जाहीर केलेली ज्येष्ठ नागरिकांसाठीची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना देशातील स्थळांसाठी आहे. तिच्या नावाखाली कोणी लुंबिनीचे पैसे गोळा करीत असेल तर समाजकल्याण कार्यालयात विचारल्याशिवाय देऊ नयेत.

कोणत्याही कंपनीला पैसे देण्यापूर्वी पुढील प्रश्न कागदावर लिहून विचारावेत आणि उत्तरही कागदावरच घ्यावे.

१) एकूण रकमेत काय काय धरले आहे? सीमेपलीकडील वाहन, परवाना, प्रवेश तिकिटे, जेवण, मुक्काम यांची नावे स्वतंत्र लिहिलेली आहेत का?

२) काय धरलेले नाही? हा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे.

३) यात्रा रद्द झाली, किंवा आपण आजारी पडलो, तर किती दिवस आधी कळविल्यास किती रक्कम परत मिळेल?

४) पावती कोणाच्या नावाची आहे, आणि तीवर 'यात्रा शुल्क' असे स्पष्ट लिहिले आहे का? 'देणगी', 'सहयोग', 'धम्मदान' असे शब्द असतील तर पावती बदलून घ्यावी. दान ही पवित्र गोष्ट आहे. सेवेच्या मोबदल्याला ते नाव देऊ नये.

५) रक्कम संस्थेच्या किंवा कंपनीच्या खात्यात भरता येते का? फक्त रोख किंवा एखाद्या व्यक्तीच्या खात्यातच हवी असेल तर तेथेच थांबावे.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर कंपनी एक कर वसूल करते, त्याला टीसीएस म्हणतात. तो नेपाळच्या पॅकेजलाही लागू होतो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत आला आहे, म्हणून त्या वर्षाचा दर विचारून घ्यावा. लोकांना वाटते, हा पैसा गेला. तसे नाही. तो तुमच्या पॅन क्रमांकावर शासनाकडे जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरल्यास देय करातून वळता होतो किंवा परत मिळतो. परंतु आपल्या बहुतेक मजूर भगिनी विवरणपत्र भरत नाहीत, त्यामुळे हक्काचे पैसे तसेच पडून राहतात. ज्यांच्या घरी महाविद्यालयात शिकणारी मुले आहेत, त्यांनी आईचे विवरणपत्र भरून देणे हे एक लहानसे पण खरे समाजकार्य आहे.

आणखी दूर जाणाऱ्यांसाठी

बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला, १९५४ साली रंगूनला आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला गेले होते. आता आपली तरुण पिढी या देशांकडे आणि त्याहून दूर जाऊ लागली आहे. प्रत्येक ठिकाणची तिकिटाची रीत निराळी आहे.

श्रीलंकेतील अनुराधपूर येथे संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या शाखेचा वृक्ष आहे. तेथील प्राचीन नगराचे तिकीट परदेशी माणसाला महाग पडते, परंतु सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते. ती पासपोर्ट दाखविल्याशिवाय मिळत नाही. देशात प्रवेशासाठी आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. तिच्या शुल्काचे नियम वारंवार बदलत आले आहेत, म्हणून ते शासकीय संकेतस्थळावरच पाहावेत. कंबोडियातील अंगकोरला २०१७ पासून एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२ डॉलर असा दर आहे. पासवर आपले छायाचित्र असते, म्हणून दुसऱ्याने वापरलेला उरलेला पास स्वस्तात विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. इंडोनेशियातील बोरोबुदुर स्तूपावर चढण्यासाठी दिवसाला ठरावीक संख्येनेच लोकांना सोडतात. दगडाची झीज होऊ नये म्हणून विणलेल्या खास चपला घालाव्या लागतात. येथे मात्र आधी तिकीट राखून ठेवणे आवश्यक आहे, नाही तर खालूनच नमस्कार करून परतावे लागते. लुंबिनीला खिडकीवर मिळणारे तिकीट आणि बोरोबुदुरला आधी राखावे लागणारे तिकीट, हा फरक ओळखता आला म्हणजे निम्मे काम झाले.

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ साली शिकत असताना राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. पुढे राहत्या वस्तीत संग्रहालय नको अशी हरकत निघाली. चौकशी झाली व मार्च २०२० मध्ये संग्रहालयाला रीतसर परवानगी मिळाली. वस्ती राहती असल्यामुळे भेटीच्या वेळा आधी पाहून आणि शांतता पाळून जावे. तेथे जाण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो आणि तो नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न मिळणारे विमान तिकीट काढू नये.

या सर्वांसाठी पासपोर्ट हवा. साध्या ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये आहे. तो दहा वर्षे चालतो. साठ वर्षांवरील व्यक्तींना शुल्कात दहा टक्के सूट आहे. अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या 'पासपोर्ट सेवा' संकेतस्थळावर करावा. त्यासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळे जास्त पैसे घेतात. हीच गोष्ट परदेशातील स्थळांच्या तिकिटांची. शोध घेतल्यावर सर्वांत वर येणारे संकेतस्थळ हे पुष्कळदा दलालाची जाहिरात असते. वरून तिसरे-चौथे नाव त्या स्थळाच्या अधिकृत व्यवस्थापनाचे निघते. मुलांनी घाई न करता खाली पाहावे.

फसवणूक झालीच तर

रडत बसू नये, आणि लाजून गप्पही बसू नये. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे व आपल्या बँकेला लेखी सांगावे. पहिले काही तास मोलाचे असतात. सेवा ठरल्याप्रमाणे मिळाली नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, कंपनी कुठल्याही शहरातील असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असे नाही. पण पावती हवी, पत्रक हवे. आमच्याजवळ पावती होती, आणि तीवर 'देणगी' होते!

शेवटी एक विनंती

कालाम सुत्तात भगवंतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा सांगणाऱ्याच्या थोरवीवर विसंबू नका, स्वतः पडताळून पाहा, असा उपदेश केला आहे. आपण तो प्रवचनात ऐकतो आणि बाहेर पडून "आपलाच माणूस आहे" म्हणून पावती न पाहता पैसे देतो. आपला माणूस असेल तर त्याला प्रश्नांचा राग येणार नाही.

आमची सूचना अशी की, प्रत्येक विहारात यात्रेपूर्वी एक सभा घ्यावी. पत्रक मोठ्याने वाचावे, बारीक अक्षरांसकट. वाचण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे. परदेशी यात्रेची तालीम म्हणून आधी आपल्याच जिल्ह्यातील पवनीला जाऊन यावे. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली झालेल्या उत्खननात मोठा प्राचीन स्तूप सापडला. एका दिवसात, थोडक्या खर्चात कोण किती चालू शकतो, कोणाला औषध लागते, हिशेब कोण नीट ठेवतो, हे सर्व कळते. आणि यात्रेसाठी कर्ज काढू नये. बँकेत बसून आम्ही हे विशेष करून सांगतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा आजी आल्या नाहीत. गुडघ्यांनी साथ सोडली होती. आम्ही परतल्यावर त्यांच्या अंगणात बसून सर्व सांगितले. पुष्करिणी, पिंपळ, शिळा, सारे त्यांनी डोळे मिटून ऐकले. अशोकाच्या स्तंभावर काय लिहिले आहे ते सांगितले तेव्हा मात्र डोळे उघडून त्यांनी विचारले, "म्हंजे राजा तीर्थाले गेला आन् गावाचा कर कमी करून आला?" आम्ही होय म्हणालो. "मंग त्याची यात्रा खरी," त्या म्हणाल्या.

राजाच्या यात्रेने गावावरचा बोजा हलका झाला होता. आपल्या यात्रेने आपल्या घरावर बोजा चढू नये, आणि सीमेपर्यंत गेलेली कोणतीही आजी दारातून परत फिरू नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच. चूकभूल द्यावी घ्यावी.

नमो बुद्धाय! जयभीम!